नांगर, कडबा आणि माळावरचे गाव

बेळगावातल्या एका छोट्या कारखान्यात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाले आणि तिथेच पडून राहिले. लोखंडाचा फाळ जमिनीत शिरला की मातीत विष भिनते, अशी त्या काळच्या शेतकऱ्याची पक्की समजूत होती. गावच्या सुताराने बाभळीच्या लाकडाचा घडवलेला नांगर त्याच्या ओळखीचा होता. तो मोडला तर बलुत्यात दुरुस्त होत असे. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजावे लागणार होते. तो जड असल्याने जास्त बैल जुंपावे लागणार होते आणि इतके करून पीक वाढेल याची हमी कोणी देत नव्हते. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांची ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकदा सांगितली जाते. शेतकऱ्यांचा अंधविश्वास, एका माणसाची चिकाटी आणि शेवटी विजय अशी ती सांगितली जाते. ती खोटी नाही. पण त्या दोन वर्षांत कारखान्याची भट्टी कशाच्या जोरावर पेटत राहिली आणि कामगारांचा पगार कुठून निघाला, हे त्या गोष्टीत क्वचितच येते. लांबचे पाहणाऱ्या उद्योजकाचा खरा कस अशाच वर्षांत लागतो, म्हणून तो हिशेब आधी पाहिला पाहिजे.

त्या कारखान्यात नांगराच्या आधीपासून कडबा कापण्याचे यंत्र बनत होते. ज्वारीचा अख्खा कडबा जनावरापुढे टाकला तर ते पाने आणि कोवळा भाग खाते, जाड धाटे तुडवून टाकते. तोच कडबा बारीक कापून दिला तर सगळा पोटात जातो. वैरणीची बचत त्याच दिवशी गोठ्यात दिसते. ज्या मुलखाने १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ नुकताच पाहिला होता, तिथे वैरणीची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. नांगराचा फायदा कळायला एक पूर्ण हंगाम जावा लागतो. खोल नांगरट, हरळी-कुंद्याचा नायनाट, जमिनीत मुरलेली ओल हे सगळे सुगीलाच दिसणार. म्हणून कडब्याचे यंत्र आज विकले जात होते आणि नांगर उद्या विकला जायचा होता. लक्ष्मणरावांनी दोन्ही एकाच छपराखाली ठेवले. नांगर खपत नाही म्हणून त्यांनी तो सोडला नाही, आणि नांगरावर श्रद्धा आहे म्हणून यंत्राचे काम हलके मानले नाही.

ही सवय त्यांना फार आधी लागली होती.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. 'सौभद्र'कार अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, त्यामुळे मराठी वाचकाला हे आडनाव आधी रंगभूमीवरून ठाऊक झाले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोन वर्षांनी लक्षात आले की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथे संपले. चित्रकलेतला जो भाग रंगांवाचून चालतो, तो यांत्रिक रेखाटनाचा भाग त्याने धरून ठेवला, आणि त्यातूनच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथल्या यंत्रशाळेत मिळेल तेवढा वेळ घालवून ते यंत्रे खोलायला, जुळवायला आणि दुरुस्त करायला शिकले.

१८८८ मध्ये दोघा भावांनी सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेत आणि बेळगावला पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे. सायकल तेव्हा साहेब, वकील आणि सरदारांची चीज होती, नफा बरा सुटत असे. दुकानाचे नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'.

हे नाव पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले, पण त्या दुकानात काहीही बनत नव्हते. परदेशी माल आणायचा आणि विकायचा, एवढाच तो व्यवहार. इथे थोडे थांबून विचार करावा असे वाटते. बहुतेक माणसे अशा वेळी दुकान वाढवतात. एजन्सी मोठी करतात, दुसऱ्या शहरात शाखा काढतात, आणि त्यात गैर काही नाही. किर्लोस्कर बंधूंनी दुकानाकडे भांडवल आणि ओळख मिळवण्याचे साधन म्हणून पाहिले. इन्स्टिट्यूटमध्ये बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला जागा देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. रागाच्या भरात सोडलेली नोकरी उद्योगाला पुरत नाही. त्या दिवशी बेळगावात चालते दुकान होते, म्हणून तो राग कारखान्यात उतरू शकला. दुकानाच्या जोरावर कारखाना उभा राहिला, कारखान्यात आधी कडब्याचे यंत्र आले आणि मग नांगर.

नांगराला बाजार मिळू लागला तसा जागेचा प्रश्न उभा राहिला. कारखान्याची जागा बेळगाव नगरपालिकेच्या विस्तारात गेली आणि तो हलवणे भाग पडले. भट्टी, साचे, यंत्रे आणि शिकवून तयार केलेले कामगार यांना एकाच वेळी नवीन ठिकाण हवे होते, आणि हातात रोकड मोठी नव्हती.

याच सुमारास औंध संस्थानाचा संबंध आला. १९०९ मध्ये गादीवर बसलेले भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार, महाभारताच्या संशोधित आवृत्तीला दिलेले साहाय्य, औंधचे संग्रहालय यांमुळे त्यांचे नाव पुढे सर्वदूर गेले. लक्ष्मणरावांनी औंधला एका सभामंडपाच्या बांधकामाचे काम घेतले होते. नांगर बनवणाऱ्या माणसाने मंडप का बांधावा, असे कोणी विचारले असेल, तर उत्तर सरळ आहे. काम मिळाले, पैसे मिळाले आणि राजाला हा माणूस कसा काम करतो ते दिसले. पडत्या काळात पोटासाठी घेतलेल्या त्या कामातूनच पुढच्या सगळ्या गोष्टींची जमीन मिळाली.

ही जमीन कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर. सोबत दहा हजार रुपयांचे कर्ज. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला उजाड माळ, जिथे सापांचा सुळसुळाट होता. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव किर्लोस्करांनी नंतर आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' हे नाव दिले, त्यातला निवडुंग याच माळावरचा. या जागेच्या जमेला एक गोष्ट होती, शेजारून जाणारी पुणे-मिरज रेल्वे. तेव्हाची मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची ही मीटरगेज लाइन. बिडाचे लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने, नांगर जाणार रेल्वेने. कृष्णाकाठचा बागायती पट्टा जवळ, म्हणजे गिऱ्हाईकही जवळ. नुसता निवडुंग पाहणाऱ्याला ही जागा वेडेपणाची वाटेल. पण मालधक्क्याचा विचार करणाऱ्याला ती पटेल.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे बरोबर आली. मार्चचे ऊन सुरू झाले होते आणि पावसाळा तीन महिन्यांवर होता. एवढ्या अवधीत माळ साफ करायचा, छप्पर उभे करायचे, भट्टी लावायची आणि माल बाहेर काढायचा. कर्ज डोक्यावर होते आणि आठवड्याचा बाजार कोणासाठी थांबत नाही.

किर्लोस्करवाडीबद्दल लिहिताना बहुतेकांचा भर आदर्श वसाहतीवर असतो, आणि तो रास्तच आहे. इंग्लंडमध्ये लीव्हर यांचे पोर्ट सनलाइट १८८८ मध्ये सुरू झाले होते, कॅडबरींचे बोर्नव्हिल त्यानंतर काही वर्षांनी. कामगाराला स्वच्छ घर, पाणी, शाळा आणि बाग दिली तर तो चांगले काम करतो, हा विचार जगात फिरत होता आणि परदेशी यांत्रिक मासिके वाचणाऱ्या लक्ष्मणरावांपर्यंत तो पोहोचला होता. वाडीत घरे, पाणी, शाळा आणि पोस्ट आले. अस्पृश्यता पाळायची नाही, हा तिथला नियम १९१० च्या दशकातला आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली गेली आणि त्यांनी ती निभावली.

पण हे सगळे निव्वळ ध्येयवाद म्हणून सांगितले की लक्ष्मणरावांवर अन्याय होतो. निर्जन स्टेशनशेजारी कारखाना काढणाऱ्याला घरे बांधावीच लागतात, नाहीतर कामगार येत नाही. दवाखाना आणि शाळा नसेल तर तो बायकामुले आणत नाही, आणि कुटुंब गावी असेल तर सुगीच्या दिवसांत तोही गावी जातो. जातीवरून पंगती वेगळ्या मांडायच्या म्हटल्या तर पंचवीस घरांच्या वस्तीत ओतशाळा चालत नाही. वसाहत हे स्वप्न होते आणि गरजही होती. जी गोष्ट करणे भाग होते, ती लक्ष्मणरावांनी आपल्या कल्पनेप्रमाणे केली. दूरचा विचार आणि आजचा नाइलाज इथे एकाच भिंतीत चिणले गेले आहेत, त्यांना वेगळे काढता येत नाही.

या व्यवस्थेची एक बाजू अवघड होती, हेही सांगितले पाहिजे. घर कंपनीचे, शाळा कंपनीची, नोकरी कंपनीची, अशा गावात मालकाशी मतभेद असलेल्या कामगाराला उभे राहायला जागा कमी असते. कारखान्याच्या भांडवलातला मोठा भाग भिंतींत आणि नळांत अडकतो आणि मंदी आली तर तो परत काढता येत नाही. अशी वसाहत उभी करणारा प्रत्येक संस्थापक ही जोखीम पत्करतो. लक्ष्मणरावांनीही ती पत्करली.

माणसांची निवड मात्र त्यांनी अगदी डोळसपणे केली. रामूअण्णा नगराची आखणी आणि कारभार पाहत. शंभूराव जांभेकर यंत्रांचे. मंगेशराव रेगे हिशेबाचे आणि कचेरीचे. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रकार म्हणून नावारूपाला आले. के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेत. या मंडळींत पदवीधर शोधत बसण्यापेक्षा कामात हात घालणारी माणसे जमवण्यावर भर होता. १९१० च्या महाराष्ट्रात अभियंते सहज मिळत नव्हते, आणि मिळाले असते तरी सरकारी नोकरी सोडून ते माळावर आले नसते. त्यामुळे जो आहे त्यालाच शिकवायचे, हे धोरण परिस्थितीनेच ठरवून दिले होते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बाहेरून येणारे नांगर थांबले. बाजार एका रात्रीत मोकळा झाला. पण नांगर बनवायला लागणारे लोखंडही मिळेना. मागणी दारात आणि भट्टी रिकामी, हा पेच अनेक स्वदेशी कारखान्यांनी त्या वर्षांत पाहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा ओतकामासाठी दिल्या आणि त्या वितळवून नांगर बनले. ही घटना दक्षिण महाराष्ट्रात आजही आवडीने सांगितली जाते. तिच्यात प्रतीक शोधण्याचा मोह होतो, पण कारखानदाराच्या नजरेने पाहिले तर तो कच्च्या मालाचा पुरवठा होता. ज्याला जुन्या तोफेत बीड दिसते त्याचे डोळे पुढच्या महिन्याच्या कामावर असतात.

युद्ध संपले आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. सायकलच्या दुकानाचे नाव तसेच ठेवले गेले. भागीदारीतला घरगुती धंदा आता भागधारकांचा झाला, म्हणजे दरवर्षी ताळेबंद लोकांपुढे मांडावा लागणार, लाभांश विचारला जाणार. ज्या संस्थापकाच्या डोक्यात पुढच्या वीस वर्षांची आखणी असते त्याला दर बारा महिन्यांनी उत्तर द्यायला लावणारी ही चौकट जाचक वाटू शकते. किर्लोस्करांनी ती आपणहून स्वीकारली, कारण युद्धानंतरच्या काळात कारखाना वाढवायला घरचे पैसे पुरणार नव्हते.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट सुरू झाली. तिच्यामुळे किर्लोस्करवाडीचे नाव नांगर न पाहिलेल्या घरांतही पोहोचले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे मराठी वाचकांचे शं. वा. कि., चित्रकार होते आणि कंपनीच्या जाहिराती पाहत. त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या बातम्या, यंत्रांची माहिती, विक्रेत्यांशी आणि गिऱ्हाइकांशी संपर्क, एवढेच तिचे प्रयोजन होते. हळूहळू तिच्यात लेख आले, विचार आले, समाजसुधारणेची चर्चा आली. पुढे ते 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आले आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. विधवाविवाह, संततिनियमन, बुद्धिवाद यांवर महाराष्ट्राला बोलायला लावणारी ही मासिके एका नांगराच्या कारखान्यातल्या छापखान्यातून निघत होती. ही मासिके काढायचीच असे ठरवून कोणी १९१० मध्ये माळावर आले नव्हते. जाहिरातीची गरज होती. ती भागवणारा माणूस हुशार निघाला आणि त्याला मोकळीक मिळाली. संस्थापकाच्या दूरदृष्टीत दुसऱ्याला मोकळीक देण्याचा भाग किती मोठा असतो, हे या मासिकांकडे पाहिले की ध्यानात येते.

औंध संस्थानातच कराडजवळ, ओगलेवाडीला, १९१६ मध्ये ओगले ग्लास वर्क्सची सुरुवात झाली. तिथेही साधारण हाच क्रम दिसतो. ओगले बंधूंना काचेचा मोठा उद्योग उभा करायचा होता, पण घराघरांत त्यांचे नाव नेले ते 'प्रभाकर' कंदिलाने. वीज नसलेल्या महाराष्ट्राला त्या दिवशी कंदील हवा होता आणि ओगल्यांनी तो दिला. बाळासाहेबांच्या संस्थानाचा आकार लहान, तुकडे विखुरलेले, उत्पन्न बेताचे. तरीही मराठी उद्योगाची दोन महत्त्वाची गावे त्याच्या हद्दीत वसली. ही गोष्ट संस्थानी इतिहासात याहून अधिक ठळकपणे लिहिली जायला हवी.

वाडीत पुढे काय काय बनत गेले, ती यादी पाहण्यासारखी आहे. उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्यूगल पंप, नंतर लोखंडी फर्निचरही. वरवर पाहता ही सरमिसळ वाटते. जरा जवळून पाहिले तर बहुतेक वस्तू एकाच गिऱ्हाइकाच्या घरी जातात. नांगर घेणारा शेतकरी ऊस लावतो, त्याला गुऱ्हाळासाठी चरक लागतो. शेंगा काढतो, त्या फोडायला यंत्र लागते. विहीर आहे, मोटेला दोन बैल आणि दोन माणसे दिवसभर अडकतात, त्याला पंप हवा. नांगराच्या निमित्ताने ज्याच्या बांधावर पाय ठेवला, त्याच्याच पुढच्या अडचणीचा विचार करत कारखाना वाढत गेला. त्यातही फाळासारखा भाग झिजतो आणि पुन्हा पुन्हा लागतो. परदेशी नांगराचा फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा, हा शेतकऱ्याचा खरा प्रश्न होता. रेल्वेने दोन दिवसांत पोहोचणारा फाळ हे वाडीच्या कारखान्याचे मोठे बळ होते.

याच काळात लक्ष्मणरावांनी सगळ्यात लांबची गुंतवणूक केली, ती मुलाच्या शिक्षणाची. शंतनुराव, जन्म १९०३, म्हणजे न खपलेल्या नांगरांच्या वयाचे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला गेले आणि १९२६ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. त्या संस्थेतून पदवी घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीयांत त्यांची गणना होते. पण कुंडलच्या माळावर परतलेल्या त्या पदवीधराचे पहिले काम जुन्या भट्टीत, जुन्या यंत्रांवर, आधीच्या पिढीच्या मिस्त्रींबरोबर होते. पदवीचे चीज व्हायला दहा-पंधरा वर्षे जावी लागली.

त्या दहा-पंधरा वर्षांत जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नाही. ज्या कारखान्याचे सगळे गिऱ्हाईक शेतकरी, त्याला मंदी दुप्पट लागते. लोखंडी फर्निचरचे काम अशा दिवसांत उपयोगी पडते, कारण ते सरकारी कचेऱ्या, बँका आणि शहरातली ऑफिसे घेतात. नांगराचे नाव झालेल्या कंपनीने खुर्च्या आणि कपाटे बनवणे कोणाला कमीपणाचे वाटले असेल. पण कडब्याचे यंत्र, औंधचा मंडप आणि फर्निचर ही एकाच हाताची कामे आहेत.

मग दुसरे महायुद्ध आले, आणि वर्षानुवर्षे पेरलेले उगवले. परदेशी यंत्रे येणे थांबले, देशात लेथ आणि इतर यंत्रहत्यारांची मागणी वाढली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला म्हैसूर किर्लोस्करची स्थापना झाली, यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्यासाठी. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली. हरिहरचे काम शंतनुरावांचे भाऊ राजाराम यांनी, बंगळुरूचे रवी यांनी सांभाळले, पुण्याची धुरा शंतनुरावांकडे होती. माळावर आल्यापासून छत्तीस वर्षांत नांगराच्या कारखान्याने डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली.

या विस्तारात एक निर्णय मला लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण वाटतो. जी वाडी त्यांनी दगड-दगड रचून उभी केली, तिच्याबाहेर नवे कारखाने काढायला त्यांनी मुलांना मोकळे सोडले. म्हैसूर संस्थानाच्या सवलती, मोठ्या शहरांतले कुशल कामगार, बाजाराची जवळीक, ही सगळी कारणे पटणारी होती. आपण उभारलेल्या गावापेक्षा उद्योग मोठा होणार, हे मान्य करणे कोणत्याही संस्थापकाला जड जाते. कित्येक मराठी उद्योग याच ठिकाणी अडले आणि एका गावात, एका पिढीत संपले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनचे नाव किर्लोस्करवाडी झाले आणि किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप तिथे आजही बनतात. बेळगाव आणि कोल्हापूर ही आज देशातल्या ओतकामाची मोठी केंद्रे आहेत, आणि त्या परिसरात साचे, मगज, भट्टी हे शब्द घरगुती झाले त्याची सुरुवात शोधताना बेळगावचा तो कारखाना आणि कुंडलचा माळ वाटेत येतातच.

आज पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात आणि इचलकरंजीत कारखाने काढणारी तरुण मुले-मुली लक्ष्मणरावांचे नाव घेतात, तेव्हा माळावरचे गाव आणि तोफांचे नांगर त्यांना आठवतात. कडब्याच्या यंत्राची आठवण क्वचितच निघते. त्याला कारण आहे. शं. वा. किं.चे 'यांत्रिकाची यात्रा' किंवा शंतनुरावांचे आत्मचरित्र यांत माणसे आणि निर्णय दिसतात. रोजचा तोल कसा सांभाळला गेला हे मात्र कीर्दखतावण्यांत, जुन्या सूचिपत्रांत, 'खबर'च्या सुरुवातीच्या अंकांत, विक्रेत्यांच्या पत्रव्यवहारात आणि पगारपत्रकांत असते. कोणत्या वर्षी किती नांगर गेले, त्या वर्षी चरक किती खपले, उधारी किती थकली, पगार वेळेवर झाला की नाही, यातूनच खरा इतिहास लिहिला जाईल. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी किर्लोस्करवाडीत, ओगलेवाडीत किंवा त्यांच्या एजंटांकडे काम केले, अशी हजारो घरे आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादे जुने सूचिपत्र, पावतीपुस्तक किंवा कारखान्यातला गटफोटो असेल तर तो रद्दीत देऊ नका. जवळच्या वाचनालयाकडे किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे नेऊन द्या आणि सोबत त्यातल्या माणसांची नावे एका कागदावर लिहून ठेवा.